२२० रुपयांचा बेरी बाऊल, आणि त्यात बेरी शोधायची

नागपूरच्या धरमपेठेत नवीन ज्यूस सेंटर उघडलंय. नाव लिहीत नाही, पोरं मेहनती आहेत. फेब्रुवारीतल्या एका दुपारी नातीसोबत गेले होते. तिनं 'मिक्स बेरी बाऊल' मागवला, मी ६० रुपयांचा संत्र्याचा रस.

बाऊल दिसायला झकास. पण ३१ वर्षं अकरावी-बारावीला वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या बाईसमोर तो ठेवायला नको होता. स्ट्रॉबेरी चिखलदऱ्याची, ताजी, गोड. चवीला पूर्ण मार्क, पण ती बेरी नव्हे. वनस्पतिशास्त्रात बेरी म्हणजे एकाच किंजपुटापासून (फुलातला बिया धरणारा भाग) झालेलं, आतपर्यंत मऊ, बिनकोयीचं फळ. स्ट्रॉबेरीचा लाल गर म्हणजे फुगलेलं पुष्पासन, फुलाचे भाग ज्यावर बसतात तो देठाचा शेंडा, आणि वरचे जे ठिपके आपण बिया समजतो ती खरी फळं, प्रत्येकात एकेक बी. रासबेरीचा एकेक मणी म्हणजे बारकासा आंबाच: साल, गर, आत कोय. एकाच फुलातल्या अनेक किंजपुटांचा तो घोस. इथली फ्रीजरमधली होती, पाणी सुटलेली. तुतीत तर मणी तितकी फुलं.

उरली ब्लूबेरी. एका किंजपुटाचं फळ, आतपर्यंत मऊ, कोय नाही. काही पुस्तकं तिला 'खोटी बेरी' म्हणतात, कारण तिच्या सालीगरात किंजपुटाशिवाय फुलाचे दुसरे भागही मिसळलेले असतात. पेरूच्या बुडाला असतो तसा छोटा मुकुट तिलाही असतो. मी पास केलं. मोजल्या: ९.

गंमत पुढेच आहे. बाऊलच्या काठाला शोभेची म्हणून संत्र्याची चकती खोचलेली. अहो, तीच तर बेरी! संत्र्या-लिंबाच्या बेरीला वेगळं नाव आहे, हेस्पेरिडियम. बाहेर तेलाच्या ग्रंथींची साल, मग पांढरा भाग आणि शिरा, मग फोडीचा पापुद्रा. आणि रस कुठे? त्या पापुद्र्याच्या आतून उगवलेल्या केसांत. फोडीतले ते लांबट दाणे म्हणजे रसानं फुगलेले केस. नातीनं तोंड वाकडं केलं आणि चकती माझ्याकडे सरकवली.

रस मात्र फक्कड. मृग बहाराचा, आंबटगोड, बिया भरडल्याचा कडवटपणा अजिबात नाही. पण न विचारता साखर टाकतात, आधीच 'बिनसाखरेचा' म्हणून बजावा. गाडी लावायला जागा नाही. रसाला पाच तारे, बाऊलला दोन.

बिल आणणारा पोरगा आमचं बोलणं ऐकत होता. "काकू, मंग केळं काय हाय?"

"बेरीच. टमाटर, वांगं, आपली भिवापूरची मिरचीसुद्धा."

तो काउंटरकडे वळून ओरडला, "भाऊ, बेरी बाऊलमध्ये केळं टाकलं तं चालते म्हणते काकू!"