ब्लॉकमध्ये काय मिसळायचं: डेक्सा की डेक्समेड?

सकाळी ११ला सुप्राक्लॅव्हिक्युलर ब्लॉक (गळपट्टीच्या हाडावर नसांजवळ इंजेक्शन देऊन हात बधिर करणं), हाताला प्लेट बसली, पेशंट खूश. रात्री १०ला सिस्टरचा फोन येतो: "सर, पेशंट ओरडतोय." बधिर करणारं औषध, म्हणजे बुपिव्हॅकेन किंवा रोपिव्हॅकेन, नुसतं दिलं तर १०-१२ तासांत उतरतं, आणि उतरतं ते नेमकं रात्री. मग सोबत काहीतरी घालावंसं वाटतंच.

डेक्सामेथासोन (डेक्सा) या स्टेरॉइडनं वेदनाशमन ६ ते ८ तास लांबतं, म्हणजे रात्र निघते. नसेजवळ ४ मिलिग्रॅम पुरे. स्वस्त आहे, तालुक्याच्या ठिकाणीही मिळतं. पण रोपिव्हॅकेनमध्ये घालून सिरिंज उजेडात धरून बघा: द्रावण गढूळ, आत बारीक कण. रोपिव्हॅकेनला आम्लधर्मी द्रावण लागतं आणि डेक्सा पडते अल्कधर्मी. ते नसेजवळ सोडायला माझा हात धजत नाही. हीच डेक्सा शिरेतून दिली तरी बहुतेक फायदा पदरात पडतो, फार तर २-३ तास कमी, वर मळमळ थांबते ती वेगळीच. फक्त सावकाश द्या. जागा असलेला पेशंट जांघेत आग होते म्हणून टेबलावर उठून बसतो. मधुमेह्यांची साखर दुसऱ्या दिवशीपर्यंत चढलेली राहते, तेवढं वॉर्डात सांगून ठेवा.

डेक्समेडेटोमिडीन (डेक्समेड) हे गुंगीचं औषध ५० मायक्रोग्रॅम घातलं की ब्लॉक लवकर बसतो आणि ४-५ तास जास्त टिकतो. पेशंट शांत पेंगतो, सर्जनही खूश. पण नाडी मंदावते, बीपी उतरतं. बीटा ब्लॉकर (नाडी मंदावणारी बीपीची गोळी) चालू असलेले आजोबा आणि रात्री मॉनिटर नसलेला वॉर्ड, अशा ठिकाणी मी ते हातात घेत नाही.

बाकीच्यांत क्लोनिडीननं जेमतेम २ तास मिळतात. ॲड्रेनालिनचा खरा उपयोग सुई रक्तवाहिनीत गेली तर नाडी धावून ते कळावं हा. ब्युप्रेनॉर्फिन (अफूच्या जातीचं वेदनाशामक) ब्लॉक लांबवतं खरं, पण उलट्यांनी जीव नकोसा होतो. मिडाझोलाम हे झोपेचं औषध नसेजवळ नकोच, प्रयोगशाळेत त्यानं नसांना इजा झालेली दिसली आहे.

यातलं बहुतेक काही नसेजवळ वापरायला अधिकृत मान्यता नाही, हेही लक्षात असू द्या.

माझी निवड: ब्लॉक साधा, डेक्सा शिरेतून, आणि हात अजून जड असतानाच पॅरासिटामॉलचा पहिला डोस. हात चेंगरून आलेला असेल, कम्पार्टमेंट सिंड्रोमची (आतल्या सुजेच्या दाबानं रक्तपुरवठा तुटण्याची) धास्ती असेल, तर लांबवायचा विचारच सोडा. ऑर्थोवाल्यांना रात्री बोटं हलवून बघायची असतात.