आरडीकिट: रेणूंचे गट पाडण्यासाठी वर्षभर वापरल्यानंतर

पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांसाठी गेले वर्षभर मी आरडीकिट वापरत आहे. ग्रेग लँड्रम यांनी विकसित केलेली ही संगणकीय रसायनशास्त्राची प्रणाली 2006 मध्ये सर्वांसाठी खुली झाली. बीएसडी या मुक्त वापराच्या परवान्यामुळे तिच्यासाठी एक पैसाही मोजावा लागत नाही. गाभा सी प्लस प्लस या संगणकीय भाषेत लिहिलेला असल्याने वेग उत्तम आहे आणि आपले काम मात्र पायथन या सोप्या भाषेच्या चार ओळींत भागते. बसवण्यात काहीही अडचण येत नाही.

मला वनस्पतिजन्य संयुगांच्या यादीतून एकमेकांसारखे रेणू वेगळे काढायचे होते. पन्नास रेणू असतील तर जाणकार माणूस फळ्यावर आकृत्या काढून तासाभरात त्यांचे गट लावतो. पण चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेने भारतीय औषधी वनस्पतींसाठी तयार केलेल्या इम्पॅट या माहितीसंचाच्या दुसऱ्या आवृत्तीतच सुमारे 18 हजार संयुगे आहेत, आणि तेथे डोळ्यांचा अंदाज चालत नाही. आरडीकिट रेणूकडे आलेख म्हणून पाहते. अणू हे बिंदू आणि बंध या रेषा. प्रत्येक अणूपासून सुरुवात करून एक बंध, मग दोन बंध दूरपर्यंतचा परिसर टिपायचा, प्रत्येक परिसराला एक संख्या द्यायची आणि त्या संख्या 2048 बिटांच्या, म्हणजे पेटलेल्या किंवा विझलेल्या खणांच्या, पट्टीवर उमटवायच्या, ही मॉर्गन फिंगरप्रिंटची रीत. तिचे मूळ 1965 साली मॉर्गन यांनी मांडलेल्या अणूंना क्रमांक देण्याच्या पद्धतीत आहे.

दोन पट्ट्यांची तुलना टानिमोटो गुणांकाने होते. एका रेणूचे 30 बिट पेटलेले, दुसऱ्याचे 40 आणि त्यांपैकी 20 सामाईक असतील, तर सामाईक 20 ला एकूण वेगळ्या 50 ने भागून 0.4 हे साम्य मिळते. गणित शाळकरी आहे, आणि मला तीच त्याची मोठी जमेची बाजू वाटते. निकाल पटला नाही तर विद्यार्थी कोणता बिट कोणत्या अणूंमुळे पेटला हे आकृतीवर रंगवून पाहू शकतो. महागड्या बंद प्रणाली उत्तर देतात, पण उत्तराची अशी उलटतपासणी करू देतीलच असे नाही.

आता तक्रारीचा भाग, आणि त्यातला दोष बराचसा माझाच आहे. पहिल्या महिन्यात एका विद्यार्थिनीने डिकेन आणि आयकोसेन या दोन रेणूंचे साम्य 1.0 आल्याचे दाखवले. एकात 10 कार्बनची सरळ साखळी, दुसऱ्यात 20 कार्बनची. एक द्रव, दुसरा मेणासारखा घन. मी आधी तिच्याच नोंदीवर शंका घेतली. प्रत्यक्षात, नेहमीची पट्टी एखादा परिसर आहे की नाही एवढेच नोंदवते, तो किती वेळा आला हे नोंदवत नाही, आणि दोन बंधांच्या आत पाहणाऱ्याला लांब साखळीच्या मध्यभागी सर्वत्र सारखेच दृश्य दिसते. मोजणी ठेवणारा फिंगरप्रिंट याच प्रणालीत उपलब्ध आहे. तो मागितला की फरक दिसतो. पण मागावा लागतो.

कार्वोनची गंमत याहून बोलकी आहे. बाळंतशेपेच्या वासातला कार्वोन आणि स्पिअरमिंट जातीच्या पुदिन्यातला कार्वोन एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा आहेत. आपल्या नाकाला तो भेद सहज कळतो, पण मूळ मांडणीत फिंगरप्रिंट त्रिमितीय रचना विचारात घेत नसल्यामुळे दोघांचे साम्य पुन्हा 1.0 येते. येथेही एक पर्याय बदलला की काम होते. उलट बाजूची चूक हळदीतल्या कर्क्युमिनने करून दाखवली. एका फाइलमध्ये ते कीटो रूपात काढलेले होते, दुसरीत ईनॉल रूपात, आणि आमच्या यादीत एकच पदार्थ दोन संयुगे म्हणून मोजला गेला. अशी रूपे एका प्रमाण रूपावर आणण्याची सोय प्रणालीत आहे. क्षार वेगळे काढण्याचीही आहे. ही साफसफाई गट पाडण्याआधीच करावी, नंतर केल्यास सगळे काम पुन्हा करावे लागते.

गट पाडण्यासाठी मी ब्युटिना पद्धत वापरतो. अंतर म्हणजे 1 वजा साम्य. ज्याचे ठरावीक अंतरातले शेजारी सर्वाधिक, तो रेणू केंद्र. तो आणि त्याचे शेजारी बाजूला काढायचे आणि उरलेल्यांत तेच पुन्हा करायचे. यात एखाद्याचे सगळे शेजारी आधीच्या गटाने पळवले तर तो बिचारा एकांडा उरतो, म्हणून प्रत्येक फेरीनंतर शेजाऱ्यांची मोजणी नव्याने करण्याचा पर्याय चालू ठेवणे मला बरे वाटते. खरी अडचण स्मृतीची आहे. 18 हजार रेणूंच्या सुमारे 16 कोटी जोड्या होतात, आणि त्यांची अंतरे पायथनच्या साध्या यादीत भरली तर पाच जीबी सहज संपतात. आठ जीबीच्या माझ्या लॅपटॉपने तेथेच हात टेकले. सगळी अंतरे साठवून न ठेवता प्रतिनिधी रेणू निवडणारी साधने याच प्रणालीत आहेत. मोठ्या यादीसाठी थेट तीच घ्यावीत.

सांगाड्यानुसार वर्गवारी ही बेमिस आणि मर्को यांची 1996 ची कल्पनाही येथे तयार मिळते. बाजूच्या साखळ्या छाटून वलये आणि त्यांना जोडणारे दुवे तेवढे ठेवायचे. मात्र अ‍ॅस्पिरिन, पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन या तिन्हींचा सांगाडा केवळ बेंझीन निघतो, त्यामुळे लहान रेणूंसाठी मी ती वापरणे सोडले आहे.

दस्तऐवज इंग्रजीत आहेत, उदाहरणे भरपूर आहेत, पण नवख्याला कोणता पर्याय केव्हा लावावा हे त्यांतून लवकर सापडत नाही. पायथनची तोंडओळख आणि सेंद्रिय रसायनाची पक्की बैठक असलेल्या प्रत्येक विभागाने ही प्रणाली घ्यावी असे मी सांगेन. नव्या तुकडीला पहिल्या तासाला मी आता डिकेन आणि आयकोसेनचीच जोडी देतो आणि निकाल आल्यावर थोडा वेळ काही बोलत नाही.