देवबागची खाडीसफर: होडी ठरवण्याआधी भरतीची वेळ पाहा

मालवणजवळच्या देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. गावाच्या एका अंगाला दर्या आणि दुसऱ्या अंगाला खाडी असल्यामुळे होडीची फेरी विकणारे येथे पावलोपावली भेटतात. त्यांच्या दरफलकांवर डॉल्फिन, संगम, त्सुनामी आयलंड अशी नावे ठळक असतात आणि सर्वांत खाली कुठेतरी ‘कांदळवन’, म्हणजे खारफुटीचे जंगल, असते. आम्ही त्या खालच्या शब्दासाठी पैसे मोजले होते.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी बाराच्या भर उधाणात निघालेली पहिली फेरी पूर्ण फसली. पाणी फांद्यांपर्यंत चढलेले, इंजिनाची धडधड, आणि चालकाचे ‘ही तिवरं’ (खारफुटीची एक जात) एवढेच निरूपण. पाच मिनिटांत कांदळवन संपले व होडी वाळूच्या बेटाकडे वळली.

त्याच दिवशी साडेचारला दुसरी होडी केली. ती एका वयस्कर मासेमाराची होती. ‘सुकती लागली हा, आता बगा,’ म्हणजे ओहोटी सुरू झाली, असे म्हणून काकांनी इंजिन बंद केले आणि बांबूने रेटत होडी आत घातली. दुपारी नुसती हिरवी भिंत दिसली होती, तिच्या पायथ्याशी आता चिखल उघडा पडला होता. त्यातून तिवराची श्वसनमुळे पेन्सिली रोवल्यासारखी वर आली होती, कारण या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. सडक्या अंड्यासारखा वासही त्यामुळेच येतो. तिवराचे एक पान काकांनी चाटायला दिले. ते खरोखरच खारट लागले, कारण मुळांवाटे आलेले मीठ हे झाड पानांतून बाहेर टाकते. कांदळाच्या शेंगा झाडावरच रुजून लोंबत होत्या. पांढरी चिपीही पाहिली. 2020 मध्ये तिला राज्याचा कांदळवृक्ष घोषित केले गेले. तिची फुले रात्री उमलतात, त्यामुळे ती पाहायला मिळाली नाहीत. निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे छोटे मासे, चिखलावर उड्या मारत होत्या आणि एकच नांगी मोठी असलेले खेकडे ती हलवून एकमेकांना दटावत होते.

दुपारच्या ताटातल्या कोळंबीचा विषय मग आपोआप निघाला. कोळंबी अंडी समुद्रात घालते, पण तिची पिल्ले भरतीबरोबर खाडीत येतात, गळून कुजणाऱ्या पानांवर पोसलेल्या जीवसृष्टीत वाढतात आणि मोठी होऊन दर्यात परततात. खाडी बुजली तर समुद्रातले जाळेही रिकामे येते, हे काकांनी कोणत्याही फलकाविना सांगितले.

पहिल्या फेरीला पाचपैकी एक गुण, दुसरीला साडेचार; अर्धा डासांनी नेला. वेळ काढण्याचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास ढोबळमानाने निघतो, म्हणजे चतुर्थीला तीन. त्यानंतर चार-साडेचार तासांनी होडीत बसावे. अष्टमीच्या आसपास मात्र भांग, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी, असतो आणि पाणी फारसे उतरत नाही, म्हणून ते दिवस टाळावेत, आणि कांदळवनात इंजिन बंद ठेवण्याची अट पैसे देण्याआधीच घालावी.