सहाशे मीटरचा बाण आणि तो रोवणारा पोऱ्या

पुण्यातल्या शस्त्रप्रदर्शनांत ‘अस्सल तुर्की धनुष्य’ विकणारा एक गृहस्थ भेटतो. गोड बोलतो, चहा पाजतो. माझी तक्रार चालू असल्यामुळे नाव लिहीत नाही. पण लांब पल्ल्याच्या तिरंदाजीचं वेड असलेली आणखी काही पोरं त्याच्याकडे आगाऊ रक्कम देऊन बसली आहेत असं कळलं, म्हणून त्याची पद्धत तरी सांगतो.

त्याचं भांडवल म्हणजे इतिहास, आणि तो खोटा नाही. इस्तंबूलच्या ओकमेदानावर विक्रमी बाण जिथे पडे तिथे दगड उभारत. सुलतान तिसरा सेलीम याच्या नावावर १७९८ सालचा ८८९ मीटरचा पल्ला सांगतात. हे ऐकवून झालं की दिवे घाटाच्या वरच्या माळावर प्रात्यक्षिक. या प्रकारातले बाण हलके, मधे जाड आणि दोन्ही टोकांना निमुळते. सुटला की डोळ्यांना दिसतच नाही. त्याचा पोऱ्या ‘बाण शोधायला’ आधीच पुढे गेलेला असतो. तो लांबून हात हलवतो, आपण चालत जातो, जीपीएसवर सहाशे मीटर भरतात. अडतीस हजार मोजून मी धनुष्य घेतलं.

शंका आली ती घरी, मोबाइलमधला फोटो मोठा करून बघताना. आकाशातून आलेला बाण तिरका घुसतो. हा ऊदबत्तीसारखा सरळ उभा, आणि बुडाशी माती बोटांनी दाबल्यासारखी.

मग आमच्या बाणांना बहिणीचं नेलपॉलिश लावून खूण केली, पलीकडच्या टोकाला आपलाच मित्र उभा केला आणि त्याच माळावर गेलो. सगळ्यात लांब गेलेला बाण सव्वादोनशे मीटर! पोऱ्याकडे तशाच रंगाचा दुसरा बाण होता, दुसरं काय.

पुढचा घोळ धनुष्याचाच. टोकाजवळचं चामडं ब्लेडने उचकटलं तर खाली पांढरट फायबरग्लास. खऱ्यात लाकडाच्या गाभ्याला आतून, म्हणजे तिरंदाजाकडच्या बाजूला, शिंग आणि पाठीवर, म्हणजे बाहेरून, जनावराच्या कंडरांचे (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांचे) तंतू असतात, सरसाने चिकटवलेले. वाळायलाच महिनोन्महिने जातात. दोरी काढली की ते उलट्या बाजूला जोरात वळतं. आमचं सुस्तपणे जवळजवळ सरळ झालं. आणि विकताना हा म्हणाला होता, “पावसात भिजलं तरी काही होत नाही, दादा.” अहो, सरसाला ओल सोसत नाही! ती बढाई म्हणजे कबुलीच होती.

विकत घेण्याआधी दोरी काढून दाखवायला सांगा. त्याने नकार दिला, तर तिथूनच मागे फिरा. बाणावर खूण तुमची, पलीकडे माणूसही तुमचाच.

पैसे मागितले तर म्हणाला, “तुमचा हात बसला नाही अजून.” पावतीवर नुसतं ‘शोभेची वस्तू’ लिहिलंय. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. तो फोन उचलत नाही, पण व्हॉट्सॲपच्या स्टेटसला तसंच धनुष्य आहे, भाव आता पंचेचाळीस.