बोगोटातली गुबगुबीत मोनालिसा, तीही फुकटात

कोलंबियाला गेलात तर बोगोटाच्या ला कांदेलारिया भागातलं म्युझिओ बोतेरो अजिबात चुकवू नका, एन्ट्री चक्क फ्री आहे! फर्नांदो बोतेरो या कोलंबियन चित्रकाराची १९७८ ची मोनालिसा इथेच आहे, लिओनार्दोची मूळ बाई जेमतेम ७७ बाय ५३ सेंमी आणि ही तिच्या दुपटीहून उंच, चेहरा नुसता टम्म फुगलेला पण डोळे नि ओठ एवढुसे, त्यामुळे ते हसू गूढबिढ न वाटता जरा आगाऊच वाटतं राव. लोक खिदळत फोटो काढून पुढे सटकतात, पण जवळून बघा की, रंग किती गुळगुळीत लावलाय. बाकी बोतेरोने स्वतःच्या १२३ कलाकृतींसोबत पिकासो, मोने वगैरेंच्या ८५ पण दान दिल्यात, ती दालनं मी भराभर उरकली. मंगळवारी बंद असतं हां.