हिरव्या पिल्लांचा व्हिडिओ आणि माझे ८६,३०० रुपये

राइनो रॅट स्नेक या परदेशी सापाची जोडी देतो असे सांगून माझ्याकडून ८६,३०० रुपये उकळण्यात आले आणि माझ्या हाती पडले ते दोन हरणटोळ, म्हणजे आपल्याच झाडीतून पकडून आणलेले साप. हे चारचौघांत सांगायची मला लाज वाटते. घरातल्यांनासुद्धा पूर्ण रक्कम मी फार उशिरा सांगितली. परंतु पुण्यात परदेशी साप पाळणाऱ्यांचे वर्तुळ लहान आहे, त्यातल्या आणखी कोणाला या माणसाने गाठले असेल या विचाराने गप्प बसवत नाही, म्हणून सगळे आकड्यांसह लिहीत आहे.

मी या छंदात नवखा नाही. माझ्याकडे कॉर्न स्नेक अनेक वर्षांपासून आहेत, बॉल पायथनची परिवेश या केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याच्या पोर्टलवर रीतसर नोंद आहे, आणि दोनदा मी स्वतः अंडी उबवून पिल्ले वाढवली आहेत. राइनो रॅट स्नेक हा उत्तर व्हिएतनाम आणि दक्षिण चीनच्या पावसाळी जंगलांत राहणारा, नाकाच्या टोकावर खवल्यांचे मऊ शिंग असलेला साप. १८९७ मध्ये मोकार या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याचे पहिले वर्णन केले. युरोप-अमेरिकेत त्याची बंदिस्त पैदास होते, आपल्याकडे मात्र तो क्वचितच पाहायला मिळतो, आणि ज्याला रॅट स्नेकची ओढ आहे त्याला या सापाचे नाव ऐकून गप्प राहणे कठीण जाते. विकणाऱ्याने नेमके हेच हेरले.

त्याने मला एका ओळखीच्याच ग्रुपमधून गाठले. अस्खलित मराठीत, ‘दादा’ म्हणत, कधीही घाई न करता तो बोलत असे. टाकीत ओलावा किती ठेवायचा, उन्हाळ्यात पुण्याच्या उकाड्यापासून या सापाला कसे जपायचे, हे तो न अडखळता सांगे. जोडीचा भाव १,१०,००० रुपये ठरला. आधी ३५,००० आगाऊ, मग ‘पिल्ले दुसरा माणूस मागतो आहे, तुमच्यासाठी राखून ठेवतो’ म्हणून ४०,०००, त्यानंतर थर्मोकोलच्या खास खोक्यासाठी आणि वाहतुकीसाठी ६,५००, आणि खोके निघायच्या सकाळी ‘नोंदणी हस्तांतराचे शुल्क’ म्हणून ४,८००. उरलेले ३५,००० माल हातात आल्यावर द्यायचे होते. प्रत्येक वेळी पैसे वेगळ्या नावाच्या खात्यावर गेले. विचारल्यावर एकदा भावाचे खाते, एकदा भागीदाराचे खाते, असे उत्तर मिळाले. इथे एक गोष्ट ठामपणे सांगतो: नोंदणीचे शुल्क सरकारी पोर्टलवर स्वतःच्या लॉगिनने भरायचे असते, विकणाऱ्याच्या यूपीआयवर नव्हे. ते जो मागेल त्याच्याशी बोलणे तिथेच थांबवा.

वर त्याने परतखरेदीचा करारही पाठवला होता. पुढे पिल्ले झाली की प्रत्येकी १८,००० रुपयांना तो परत घेणार होता. मादी अंड्यांवर यायला काही वर्षे जातात, तोवर त्या कागदाला काहीही किंमत नसते, हे मला माहीत होते आणि त्या आमिषासाठी मी पैसे दिलेले नाहीत. मला साप हवा होता.

आता त्या व्हिडिओविषयी, जो मी आजही रात्री उघडून पाहतो. ‘अंड्यातून बाहेर येऊन सहा आठवडे झाले’ असे सांगून त्याने दोन पिल्लांचा व्हिडिओ पाठवला. पिल्ले हिरवीगार होती. राइनो रॅट स्नेकची पिल्ले जन्मतः हिरवी नसतात. ती करडी-तपकिरी असतात, खवल्यांच्या कडा काळसर असतात, आणि हिरवा रंग त्यांच्यावर वाढत्या वयात, वर्ष-दीड वर्षाने चढतो. हे मला पाठ होते. मी लगेच त्याला विचारलेही. त्यावर तो म्हणाला, ‘दादा, ही निवडून वाढवलेली लाईन आहे, हिच्यात पिल्लं जन्मापासूनच हिरवी निघतात, म्हणून तर भाव जास्त आहे.’ कॉर्न स्नेकमध्ये निवडक पैदाशीने किती रंग तयार झाले आहेत हे ज्याने पाहिले आहे, त्याला हे उत्तर अशक्य वाटत नाही. शंका मनात आली नव्हती असे नाही. ती आली, विचारली गेली आणि तयार उत्तराने मिटवली गेली. पिल्ले पहिल्या दिवसापासून उंदराची पिल्ले खातात असेही तो म्हणाला होता, प्रत्यक्षात या जातीची पिल्ले सुरुवातीला बहुधा मासे देऊनच खायला लावावी लागतात. हे दोन्ही धागे मी त्या रात्री एकत्र ओढले असते तर किमान ५१,३०० रुपये वाचले असते, कारण तोपर्यंत फक्त आगाऊ रक्कम गेली होती.

खोके खासगी ट्रॅव्हल्सच्या गाडीतून आले आणि मी ते नवले पुलापाशी उतरवून घेतले. कोणी म्हणेल की तिथेच कळायला हवे होते, पण शोभेचे मासे आणि पक्षी या व्यवसायात सर्रास असेच येतात. घरी आणून कापडी पिशवीची गाठ सोडली. आतला साप हिरवा होता, नाक पुढे निमुळते होते, आणि क्षणभर मला आनंदच झाला. मग त्याने मान वळवली आणि डोळा दिसला. बाहुली आडवी होती, चावीच्या भोकासारखी. राइनो रॅट स्नेकची बाहुली गोल असते. शरीर करंगळीहूनही बारीक, आणि चिडून त्याने मान फुगवली तेव्हा खवल्यांच्या मधून काळी-पांढरी कातडी दिसू लागली. हरणटोळ. दुसऱ्या पिशवीतला हरणटोळ मेलेला होता. मी लगेच फोन लावला, एक घंटी वाजली आणि नंबर बंद झाला. उरलेले ३५,००० मागायलाही तो थांबला नाही.

आणि इथून पुढे जे झाले त्याचा संताप पैशांपेक्षा मोठा आहे. पोलीस ठाण्यात अंमलदाराने आधी विचारले, ‘साप विकत घेता म्हणजे तुम्हालाच आत टाकायला पाहिजे ना?’ फसवणूक ही फसवणूक असते, तिच्यासाठी भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे, आणि वस्तू साप होती की शिवणयंत्र याने गुन्हा बदलत नाही, हे मला एका वर्दीतल्या माणसाला सांगावे लागले. त्यांनी सायबर विभागाकडे पाठवले. तिथे ‘प्रत्यक्ष माल मिळाला आहे, मग हा ऑनलाइन गुन्हा कसा’ असे म्हणून पुन्हा ठाण्याकडे पाठवले. बँकेने सांगितले की व्यवहार तुम्ही स्वतः पिन टाकून केला, आमची जबाबदारी नाही. या हेलपाट्यांत वेळ गेला आणि तोवर खात्यांतून पैसे पुढे सरकले. गोठले ते फक्त शेवटचे ४,८०० रुपये, आणि तेही सोडवून घ्यायला न्यायालयाचा आदेश आणा असे उत्तर आहे. म्हणून सांगतो, कोणत्याही ठाण्यात जाण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा आणि तक्रार क्रमांक मिळाल्याशिवाय फोन ठेवू नका.

वनखात्याच्या कार्यालयात तर मीच आरोपी ठरलो. जिवंत हरणटोळ मी स्वतः होऊन जमा करायला नेला होता, सोबत सगळे संदेश, पावत्या आणि विकणाऱ्याने पाठवलेले परिवेशचे नोंदणी प्रमाणपत्र होते. साहेबांनी प्रमाणपत्राकडे पाहिलेही नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली देशी वन्य साप घरात ठेवल्याबद्दल तुमच्यावर काय कारवाई होऊ शकते, हे मात्र त्यांनी मला सविस्तर ऐकवले आणि माझाच जबाब लिहून घेतला. हे प्रमाणपत्र खरे की खोटे, एवढे तरी सांगा, अशी विनंती मी केली. ‘लेखी अर्ज करा.’ अर्ज केला. उत्तर नाही. जो माणूस जंगलातून साप पकडून विकतो आहे त्याचे नंबर, खात्यांची नावे, बसची पावती, सगळे त्यांच्या टेबलावर ठेवलेले असताना कोणालाही त्याच्या मागे जावेसे वाटत नाही, आणि जो साप परत आणून देतो त्याच्याकडून जबाब घेतला जातो. अशाने उद्या कोण साप जमा करायला येईल?

असा साप तुमच्याकडे आला तर तो सोडायला स्वतः डोंगरावर जाऊ नका आणि पेटीतही ठेवू नका. खोक्यासकट, पिशवीसकट फोटो काढा, १९२६ या वनखात्याच्या हेल्पलाइनवर कळवा आणि जमा केल्याची पोच मागून घ्या. माझ्याकडे ती पोच आहे म्हणूनच मी आज हे लिहू शकतो. आणि विकणाऱ्याकडून पिल्लाचा व्हिडिओ मागताना आजच्या तारखेचा कागद शेजारी ठेवून, डोळा जवळून दिसेल असा मागा.

तोच व्हिडिओ आता दुसऱ्या नंबरवरून फिरतो आहे, जोडीचा भाव ९५,००० रुपये सांगितला जातो. पिल्ले हिरवी आहेत, मागे निळी प्लॅस्टिकची टोपली आणि फरशीला तडा आहे. तो दिसला तर नंबर आणि खात्याच्या नावाचा फोटो काढून ठेवा आणि मला कळवा. माझ्या अर्जाला मी तो जोडणार आहे.