सान होसेच्या बाजारातली 'सोदा': शाकाहारी असाल तरी जा

कोस्टा रिकात जेवायचं तर सोदामध्येच, म्हणजे तिथल्या छोट्या घरगुती खानावळीत. सान होसेच्या मेर्कादो सेंत्रालमध्ये, 1880 पासूनच्या या बाजारात, अशा खानावळी ओळीने आहेत. मी आणि सासूबाई दोघी शाकाहारी. 'कासादो' मागवला: भात, काळा घेवडा, तळलेलं पिकं केळं, कोबीची कोशिंबीर. मांसाऐवजी चीज दिलं. केळं तर अप्रतिम! जेवण मात्र अजिबात तिखट नसतं. टेबलावरच्या बरणीतलं 'चिलेरा' मागून घ्या, आपल्या मिरचीच्या लोणच्यासारखं झणझणीत असतं.

नुसतं 'सिन कार्ने' म्हणजे मांस नको, एवढं म्हणून भागत नाही, 'सिन पोयो' म्हणजे चिकनही नको, हे स्पष्ट सांगा. घेवड्यात डुकराची चरबी नाही ना, तेही विचारा. वाढणाऱ्या मावशींनी न कंटाळता आतून विचारून आणलं, हे मला फार भावलं.

बिलात 13 टक्के कर आणि 10 टक्के सेवा शुल्क धरलेलं असतं, वेगळी टीप लागत नाही. सुटे कोलोन, म्हणजे तिथलं चलन, जवळ ठेवा. जेवणानंतर त्याच बाजारात 1901 पासून चाललेल्या लोलो मोराकडे दालचिनीच्या स्वादाचं आइस्क्रीम खाच. रविवारी जाऊ नका, बाजार बंद असतो.